नफा कोणाचा, हित कोणाचे? सुपे ते नांदूरघाट

१/ नफा कमावणारी संस्था समाजहिताशीही कायद्याने बांधता येते का? अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०१० मध्ये 'बेनिफिट कॉर्पोरेशन'ला मान्यता दिली, तेव्हा हा प्रश्न नवा वाटला. आपल्याकडे मात्र त्याची मुळे १८७५ पर्यंत जातात. #धागा

२/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जाची कागदपत्रे जाळली. दख्खनच्या या दंग्यांनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्याने ऋणकोला कोर्टात आधार दिला. पण सावकार नको, तर कर्ज कोण देणार?

३/ विल्यम वेडरबर्न यांनी न्या. रानडे यांच्या सहकार्याने शेतकी बँकेची योजना मांडली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करावा, असे ठरत होते. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली. लंडनच्या भारतमंत्र्यांनी नाकारली.

४/ कंपनी कायद्यात तेव्हा दोन वाटा होत्या. भागधारकांना लाभांश वाटा, अथवा धर्मादाय कार्यासाठी लाभांशावर पूर्ण पाणी सोडा. या दोहोंमधली वाट १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने मोकळी केली. तीही फक्त कर्जापुरती.

५/ १९१२ च्या कायद्याने हे क्षेत्र रुंदावले. त्यातील एक तरतूद पाहा: निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकल्यावर, उरलेल्यातील १० टक्क्यांपर्यंत रक्कम निबंधकाच्या संमतीने धर्मादाय कार्याला देता येई. नफा आणि समाजहित यांचा समतोल येथे चक्क आकड्यांत आला.

६/ याच वाटेवर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

७/ आता केज तालुक्यातील नांदूरघाटकडे या. हा बीड जिल्ह्याचा मुलूख १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानचे वरील कायदे येथे लागूच नव्हते. पुढे सहकार आला, पण या जिल्ह्याचे त्याच्याशी मोठे नाते जुळले ते कोयत्याचे. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर परमुलखात ऊस तोडायचा. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात 'एक कोयता'.

८/ सभासद कोण? ऊस पिकवणारा. तोडणारा नव्हे. म्हणून कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत कोयत्याला मत नाही. जो अन्याय सुप्याच्या शेतकऱ्याने वहीत पाहिला, त्याचे एक रूप उचलीच्या वहीत उरलेच.

९/ ६ फेब्रुवारी २००३ पासून कंपनी कायद्यात 'उत्पादक कंपनी' आली: किमान १० उत्पादक, भागभांडवलावर मर्यादित परतावा, सामान्यतः एका सभासदास एक मत. सहकाराचे तत्त्व कंपनीच्या चौकटीत बसले. 

१०/ या इतिहासातून एवढे दिसते: नफ्यावर मर्यादा घालणे कायद्याला जमले, 'समाज' म्हणजे नेमके कोण, हे मात्र प्रत्येक वेळी सभासदांच्या नोंदवहीने ठरवले. नव्या कायद्याची चर्चा होईल तेव्हा उद्देशाचे कलम जरूर वाचा. त्याआधी सभासदत्वाचे वाचा.