जनगणनेतल्या पाणचक्क्या आणि ओढ्याकाठचा गाळ

1840 च्या अमेरिकी जनगणनेत माणसांबरोबर पाणचक्क्याही मोजल्या गेल्या: दळणाच्या, लाकूड कापायच्या आणि इतरही. पूर्वेकडच्या 872 काउंट्यांची बेरीज 65 हजारांच्या वर जाते. पेनसिल्व्हेनियातल्या फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजचे भूवैज्ञानिक रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स या आकड्यांकडे वळले, ते ओढ्यांचे काठ समजून घेण्यासाठी. तिथल्या ओढ्यांचे काठ उभे आणि बारीक मातीचे असून ते सतत ढासळतात. वळणं घेत वाहणाऱ्या ओढ्यानेच पुरांमध्ये ही माती रचली, असं विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाठ्यपुस्तकं सांगत आली होती.

या आकड्यावर किती भार टाकायचा, हे आधी ठरवायला हवं. जनगणनेत चक्क्यांची नोंद आहे, बंधाऱ्यांची नाही. एकाच बंधाऱ्याचं पाणी दोन चक्क्यांना मिळत असेल, तर बेरीज फुगते; 1840 पूर्वी मोडलेले बंधारे तिच्यात येतच नाहीत. शिवाय काउंटीच्या रकान्यावरून कुठला ओढा ते कळत नाही. तिथे एकोणिसाव्या शतकातले काउंटी-नकाशे उपयोगी पडतात. त्यांत चक्की, तिचं तळं, पाट आणि मालकाचं नावही सापडतं. कायद्यांची साक्ष वेगळी आहे. शेजाऱ्याची जमीन पाण्याखाली गेली तर चक्कीवाल्याने भरपाई द्यावी, अशी तरतूद मॅसॅच्युसेट्सच्या 1714 च्या कायद्यात होती. अशी तरतूद करावी लागली, म्हणजे तुंबलेलं पाणी ही तेव्हा नेहमीचीच बाब असणार.

यापुढची साक्ष काठच देतो. तळाशी खडी, तिच्यावर पाणथळ जमिनीची काळी माती आणि तिच्यात लव्हाळ्यासारख्या वनस्पतींच्या बिया. त्यावर एक ते पाच मीटर फिकट, बारीक गाळ. वरच्या उतारांवरचं जंगल तोडून जमीन नांगरली गेली, सुटलेली माती बंधाऱ्यांमागे साचली, आणि बंधारे फुटल्यावर ओढ्याने तोच गाळ कापत नेला. वॉल्टर आणि मेरिट्स यांनी 2008 च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेला हा क्रम मला पटतो, कारण कागद आणि माती एकमेकांपासून स्वतंत्रपणे तिथेच पोचतात. पण पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतल्या ओढ्यांवरून काढलेला निष्कर्ष प्रत्येक खोऱ्याला लावता येणार नाही. बंधारा नसतानाही उतारावरची माती दरीत साचू शकते.

हा वाद प्रदूषणाच्या हिशेबालाही भिडतो. हे ओढे शेवटी ज्याला मिळतात त्या चेसापीक उपसागरात वर्षाला किती नत्र, स्फुरद आणि गाळ जाऊ द्यायचा, याची कमाल मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर 2010 मध्ये ठरवली: नत्र 18.59 कोटी पौंड, स्फुरद 1.25 कोटी पौंड, गाळ 645 कोटी पौंड. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतं. त्यामुळे ढासळलेला काठ दोन रकान्यांत भर घालतो. पण म्हणून शेतांवरचं खत आणि शेण निर्दोष ठरत नाही. लँकेस्टरमध्ये त्यांचा भार खराखुरा आहे. मात्र सगळा गाळ आजच्या शेतातूनच आला असं धरून चाललं, तर काठ ढासळतच राहील आणि खर्च भलतीकडे होईल.

कुठल्या ओढ्यात कोणाचा वाटा किती, हे जुने कागद सांगू शकत नाहीत. त्यासाठी काठात रोवलेल्या सळया दर हंगामात किती उघड्या पडल्या ते मोजावं लागतं, हवाई छायाचित्रं जुळवावी लागतात, आणि हिवाळ्यात गोठून-वितळून भुसभुशीत झालेल्या मातीचाही हिशेब ठेवावा लागतो. लँकेस्टरजवळच्या बिग स्प्रिंग रनवर 2011 मध्ये साचलेला गाळ उपसून जुनी पाणथळ पातळी उघडी केली, आणि पाण्याची मापं त्याआधी आणि नंतरही घेतली गेली.