पाव मैलाची हौस

ड्रॅग रेस हे शब्द आता आमच्या महाड-पोलादपूरच्या पोरांनाही नवे राहिलेले नाहीत. महामार्गाचा सरळ पट्टा, रात्रीची वेळ आणि मोबाईलवर चित्रण करणारा एखादा मित्र, एवढ्या भांडवलावर कोणीही स्वतःला शर्यतपटू म्हणवून घेतो. पोलिसांच्या लेखी तो गुन्हा, घरच्यांच्या लेखी उपद्व्याप. आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु या उपद्व्यापामागे जवळजवळ पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो राजेरजवाड्यांनी नव्हे, तर तेलाने काळे झालेल्या हातांनी घडवला आहे. तो मांडताना मला एकच प्रश्न विचारायचा आहे. हौशी माणसाची शर्यत उभी राहते ती कशावर? माझ्या मते तिला तीन गोष्टी लागतात : परवडेल असे यंत्र, स्वतःच्या हाताने उघडता येईल असे यंत्र आणि धावायला हक्काची जागा. यांतली एक जरी नसली तरी हौस मरते किंवा रस्त्यावर येते.

कोरडे तळे आणि रिकामी धावपट्टी

ड्रॅग रेसचा नियम लहान मुलालाही समजेल असा आहे. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, खूण मिळताच सुटतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर धावतात. वळण नाही, फेरी नाही. जो आधी पोचला तो जिंकला. पाव मैल हे अंतर मोटारीच्या आधीचे आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या वसाहतीत घोडे याच अंतरावर पळवत. त्यावरूनच तिथल्या घोड्याच्या एका जातीला ‘क्वार्टर हॉर्स’ हे नाव पडले.

मोटारवाल्यांची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर झाली. म्युरॉक हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. १९३०च्या दशकात तरुण पोरे तिथल्या सपाट, टणक तळावर जुन्या गाड्या घेऊन जात. १९३२मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचे इंजिन सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवले होते. काही वर्षांतच त्या गाड्या जुन्या बाजारात अगदी स्वस्तात मिळू लागल्या. पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, बोनेट काढले, हेड घासून घेतले, दोन-तीन कार्बोरेटर लावले. पहिली आणि दुसरी गोष्ट अशी जमली.

तिसरी गोष्ट युद्धाने दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर म्युरॉकचे तळे लष्कराकडेच राहिले, पण देशभर लहान-लहान धावपट्ट्या रिकाम्या पडल्या. सैन्यातून परतलेल्या तरुणांना इंजिने उघडता येत होती. तोवर रस्त्यावरच्या शर्यतींनी अपघात होऊ लागले होते आणि वर्तमानपत्रे संतापली होती. १९५०मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट आणि त्याच्या सोबत्यांनी पैसे घेऊन रीतसर शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. पोरांना रस्त्यावरून धावपट्टीवर आणायचे, सुरक्षेचे नियम घालून द्यायचे आणि या कामात पोलिसांनाही सोबत घ्यायचे, असे तिचे धोरण होते. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हौसेवर बंदी घालण्याऐवजी तिला जागा दिली गेली.

नायट्रोची भानगड

आता इंधनाकडे वळू. पेट्रोल जाळायला हवा लागते, आणि पुष्कळ लागते : एक किलो पेट्रोलला १४.७ किलो. इंजिन हवा किती ओढू शकते यावरच त्याची ताकद ठरते. नायट्रोमिथेन नावाचे द्रव्य मुळात कारखान्यात द्रावक म्हणून वापरले जात असे. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एक किलो नायट्रोमिथेनला १.७ किलो हवा पुरते. किलोमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या जेमतेम पाव आहे, पण तेवढ्याच हवेत ते आठपटींहून अधिक जाळता येते. हिशेब केला तर त्याच इंजिनातून सव्वादोन पटींच्या आसपास उष्णता निघते. डबा न वाढवता डब्यातले जेवण दुप्पट करावे तसा हा प्रकार. मात्र इंजिन दुपटीसाठी बनवलेले नसते. पिस्टन वितळतात, हेड उडतात, कधी सगळा ब्लॉक फुटतो.

विमानांची खेळण्यातली इंजिने चालवणारे हौशी लोक हे द्रव्य आधीपासून वापरत होते. १९५०च्या सुमारास विक एडेलब्रॉक यांच्यासारख्या गॅरेजवाल्यांनी ते मोटारीत आणले. पुढे त्याचा धसका एवढा वाढला की १९५७मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने आपल्या शर्यतींत त्यावर बंदी घातली आणि १९६३पर्यंत ती चालू ठेवली. पण संस्थेबाहेरच्या धावपट्ट्यांवर नायट्रो जळतच राहिले.

याच काळात फ्लोरिडातला डॉन गार्लिट्स पुढे आला. त्याने जुन्या गाडीचा सांगाडा, क्रायसलरचे ‘हेमी’ इंजिन आणि स्वतःची वेल्डिंग यांच्या जोरावर जी गाडी उभी केली, तिला नाव पडले ‘स्वॅम्प रॅट’, म्हणजे दलदलीतला उंदीर. नोव्हेंबर १९५७मध्ये फ्लोरिडातच ब्रूक्सव्हिलला तिने ८.७९ सेकंदांत पाव मैल कापला. शेवटचा वेग होता ताशी १७६.४० मैल. कॅलिफोर्नियातल्या जाणत्यांनी विश्वास ठेवला नाही. घड्याळ चुकले असेल म्हणाले. १९५९मध्ये बेकर्सफील्डला त्यांच्या अंगणात गार्लिट्स हरला. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात चेस्टर इथे सुपरचार्जर फुटून तो भाजला. तरी तो परत आला आणि १९६४मध्ये त्याने ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. ८ मार्च १९७० रोजी लायन्स इथल्या पट्टीवर सुटता-सुटताच त्याच्या गाडीचे गिअर फुटले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटून गेला. इस्पितळात पडल्या-पडल्या त्याने विचार केला तो इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा. १९७१मध्ये त्याने तशी गाडी धावपट्टीवर आणून जिंकून दाखवले, आणि काही वर्षांत जवळपास सगळ्यांनी तीच रचना उचलली. हा बदल गॅरेजात बसणाऱ्या, पाऊल गमावलेल्या माणसाने केला, हे विसरू नये.

पुढे पैसा आला, प्रायोजक आले, आणि नायट्रो हौशी माणसाच्या हाताबाहेर गेले. वेगही अंतराला पुरेनासा झाला. २००८मध्ये स्कॉट कलिट्टा हा चालक दगावल्यावर नायट्रोवर चालणाऱ्या वरच्या वर्गांची धाव १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली गेली.

आपल्याकडे काय होते?

अमेरिकेतला पोरगा जुन्या फोर्डची चिरफाड करत होता, तेव्हा आपल्याकडे मोटार ही चिरफाड करण्याची वस्तू नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. पण स्वातंत्र्यानंतरच्या परवाना पद्धतीत उत्पादन मोजके, आयात जवळजवळ बंद आणि नंबर लागायला वर्षे जात. फियाट दारात येणे ही पेढे वाटण्याची गोष्ट होती. तिचे हेड घासायला कोण देणार? शर्यती झाल्या नाहीत असे नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे नामांकित शर्यती भरत. पण तिथले ठळक चेहरे संस्थानिकांचे आणि उद्योगपतींच्या घरातले. मिस्त्री गाडीखाली असे, गाडीत क्वचित.

मग सरळ रेषेतल्या शर्यतीची हौस महाराष्ट्राने भागवली कशी? उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे : बैलगाडा. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नरकडचा घाट पाहावा. सरळ चढती धाव, एका वेळी एकच बारी, सेकंदांचा हिशेब, ‘भिर्रर्र’चा पुकारा आणि शेवटी ‘घाटाचा राजा’. विदर्भात शंकरपट, आमच्या रायगडात अलिबाग-मुरूडच्या पुळणीवर बैलगाड्या आणि घोडागाड्या. पट्टी, घड्याळ, गावजत्रा आणि मालकाने स्वतःच्या हाताने केलेली तयारी, सगळे सांता आनासारखेच. अर्थात इंजिनाला वेदना नसते आणि बैलाला असते, हा फरक मोठा आहे. त्यामुळेच २०११ची केंद्राची अधिसूचना, २०१४चा सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा निकाल, २०१७चा राज्याचा कायदा, डिसेंबर २०२१ची सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३चा घटनापीठाचा निकाल, एवढा प्रवास या शर्यतीला करावा लागला. त्या वादात न शिरताही एक गोष्ट दिसते : ही शर्यत टिकली, कारण तिच्याकडे गावाची जागा होती.

यंत्राच्या बाबतीत पहिल्या दोन अटी आपल्याकडे पुऱ्या झाल्या त्या दुचाकीने. १९८५मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, वजनाला हलकी. जुनी झाली की शेतकऱ्याच्या पोराच्याही आवाक्यात येई. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हची यंत्रणाच नाही. चार पाने आणि एक पुलर असला की झाडाखाली बसूनही उघडता येते. पोर्ट मोठे करणे, हेड घासणे, जेट बदलणे, सायलेन्सर पोकळ करणे ही विद्या महाराष्ट्रातल्या गॅरेजांतून हातोहात पसरली. १९९६मध्ये ही गाडी बंद झाली, तरी तिचे इंजिन आजही उघडले आणि बांधले जाते. महाडच्या आसपासचे जुने मिस्त्री कुठल्या गाडीला कोणता जेट घातला होता हे वीस-पंचवीस वर्षांनी बिनचूक सांगतात, तेव्हा गार्लिट्स मला परका वाटत नाही.

जागा कोणाची?

तिसरी अट मात्र अपुरीच राहिली. अलीकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या रीतसर शर्यती झाल्या. विजेवर चालणारे घड्याळ, वर्गवारी, हेल्मेटची तपासणी, सगळे शिस्तीत. पण ती जागा खासगी. गॅरेजातल्या पोराला उरतो तो महामार्ग.

जागा कोणाची, हा प्रश्न महाडकराला नवा नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव सी. के. बोले यांनी १९२३मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला, महाड नगरपालिकेने तो १९२४मध्ये स्वीकारला, तरी चवदार तळ्यावर जायला २० मार्च १९२७चा दिवस उजाडावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. धरमतरच्या वाटेवर मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर माणसे अडकतील, म्हणून पायी जाता येईल अशी वाट निवडली होती. परिषदेला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. माणुसकीच्या हक्काचा तो लढा आणि पोरांची हौस एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. पण कागदावर ‘सार्वजनिक’ असलेली जागा प्रत्यक्षात कोणाला वापरता येते हे तपासायची सवय या गावाने आम्हाला लावली आहे, आणि ती सवय लहान प्रश्नांनाही लावून पाहावी.

अमेरिकेत जुन्या नायट्रो गाड्या जपणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. बेकर्सफील्डजवळच्या फामोसो इथे २०००पासून ती आपल्या गाड्या ओळीने उभ्या करतात आणि न धावता नुसत्या सुरू करतात. काळोखात ज्वाला निघतात, जमीन हादरते, डोळ्यांना झोंबणारा वास येतो. ‘स्वॅम्प रॅट’ गार्लिट्सच्या ओकाला इथल्या संग्रहालयात आहे. त्यांच्याकडे जपायला गाड्या आहेत, सेकंदांच्या नोंदी आहेत.

आपल्याकडच्या मिस्त्रींचे ज्ञान वहीत नाही, ते हातात आहे. विजेच्या गाड्या आल्या, टू-स्ट्रोक चालले, आणि ती पिढीही साठीकडे झुकली. इतिहासात रस असणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच, की आपापल्या तालुक्यातल्या एका तरी जुन्या गॅरेजात वही घेऊन बसा. गाडीचे साल, जेटचा नंबर, कोणत्या मैदानात कोणत्या जत्रेला धावली, कोण पडले, कोण वाचले, हे उतरवून घ्या. आणि तालुक्याच्या क्रीडासंकुलाची मागणी कराल तेव्हा अर्जात कुंपण घातलेल्या चारशे मीटरच्या सरळ पट्टीचीही एक ओळ लिहा. थांबायला तेवढीच जागा पुढे सोडायला सांगा.