सहाशे चाळीस तार

आज सकाळपासून तुम्हाला कोण हाकतंय, जरा आठवा. मनगटावरच्या घड्याळानं झोप कमी झाल्याचं सुनावलं. फोन म्हणाला, पाणी प्या, डावीकडे वळा, हे गाणं तुम्हाला आवडेल. रात्री त्याच फोनवर तुम्ही यंत्रांच्या मुठीत गेलेल्या माणसांची मालिका बघता, 'बाप रे, खरंच असं झालं तर?' म्हणता आणि पुढचा भाग आपोआप सुरू होऊ देता.

उठा, वर्ध्याला जाऊ. 1942 चा जून. पाऊस अजून यायचाय. फोन खिशात असू द्या, बिचाऱ्याला तिथं रेंज नाही.

स्टेशनाबाहेर आलात की डोळे आपसूक बारीक होतात. भट्टीचं झाकण काढावं तशी झळ. टांग्यात बसता तर गादी चटका देते. घोड्याचा घाम, चामडं आणि गवत यांचा उग्र वास नाकात जातो.

"कुठी जाचं हाय जी?"

"सेवाग्राम."

"सेगाव म्हना ना!" टांगेवाला हसतो. त्याचंही खरं. गावाचं नाव बदलून दोनच वर्षं झालीत, तेही टपालापायी. सेगावची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जायची. पत्ते वाचणारी माणसंच होती, ती चुकायची, आणि शेवटी गावानंच नाव बदललं.

पाच मैल. दोन्ही बाजूंना वखरलेली काळी रानं, कपाशीची वाट बघणारी. धूळ दातांत करकरते. तुमचा सदरा पाठीला चिकटलाय.

गांधींच्या आश्रमात शिरताच आधी वास येतो, शेणानं सारवलेल्या ओल्या भुईचा. मातीच्या भिंती, बांबू, कौलं, चटया. विजेचा पंखा शोधू नका. तिकडे एका झोपडीत बघा, पण हसू नका: अमेरिकन पत्रकार लुई फिशर पत्र्याच्या टबात पाणी भरून, त्यात खोकं ठेवून, त्या खोक्यावर बसलेत. समोर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर. उन्हाळ्यावर माणसानं काढलेला इतका साधा तोडगा मी दुसरा ऐकलेला नाही.

टण्! घंटा. तुमचा हात खिशाकडे जातो. हा फोन नव्हे, जेवणाची घंटा.

ओळीत बसा, मांडी घालून. वाढून झालं तरी थांबायचं, आधी प्रार्थना. मग पालक आणि भोपळा एकत्र शिजवून केलेला तो हिरवा लगदा. मिरची नाही, फोडणी नाही. सावजी रश्शाच्या मुलखात हे! तुमची जीभ बंड करते. फिशरही दोन-चार दिवसांत या भाजीला विटले. पंगतीत बसलेले गांधी कोण काय खातंय ते बघत असतात. त्यांच्या नजरेतून तुमचं पान सुटत नाही. कमरेला लटकलेलं त्यांचं घड्याळही तुम्हाला दिसतं. उठणं चारला, त्यानंतर प्रार्थना, सफाई, दळण, सूतकताई, सगळं ठोक्यावर. खरं सांगा, हे तुमच्या फोनपेक्षा कमी जाचक वाटतंय का? मला तरी पहिल्या दिवशी वाटलं नसतं.

दुपारी पेटीचरखा समोर येतो. एका हातानं चाक फिरवा, दुसऱ्यानं कापसाचा पेळू मागे ओढत तार काढा. तुटला. पुन्हा जोडा. तुटला. घामानं बोटं ओली, कापसाचा तुसा नाकात. शेजारची मुलगी न बघता कातते, चाकाची घरघर एका लयीत चालू. 640 तार झाले की सुताची एक गुंडी. तुमचे अजून चार.

वैतागून तुम्ही विचारता, "यंत्रांना विरोध ना? मग हे काय आहे?"

उत्तर मिळतं: चरखाही यंत्रच. शिलाई मशीनचंही गांधी कौतुक करत. राग आहे तो माणसाचे हात रिकामे करून त्याच्या मानेवर बसणाऱ्या यंत्रावर. आणि आश्रमातला टेलिफोन? व्हाइसरॉय लिनलिथगोंना बोलायची सोय व्हावी म्हणून बसवलेला. तो वाजतो तेव्हा एखादा उचलतो, बाकीचे कातत राहतात.

गंमत बघा, 1909 च्या नोव्हेंबरात गांधी जहाजावर 'हिंद स्वराज' लिहीत होते. उजवा हात थकला की डाव्यानं. त्याच महिन्यात इंग्लंडात ई. एम. फॉर्स्टर या लेखकाची 'द मशीन स्टॉप्स' ही गोष्ट छापून आली.  त्याच्या गोष्टीत माणसं जमिनीखाली एकेका खोलीत बसलेली. जेवण, गाणं, गप्पा सगळं यंत्र पुरवतं. शेवटी ती त्याचीच पूजा करू लागतात आणि ते बंद पडतं. त्या खोलीत तुम्ही कालच होतात, रात्री साडेअकराला.

ऊन उतरतं. मोकळ्या मैदानात प्रार्थना, अंगाखाली वाळू अजून कोमट. मग हजेरी. नावं पुकारली जातात आणि ज्यानं त्यानं आपले तार मोठ्यानं सांगायचे. दोनशे. तीनशे साठ. तुमच्या पोटात गोळा येतो. 'पन्नास' म्हणून टाकावं का? पडताळायला यंत्र कुठंय?

"सतरा," तुम्ही म्हणता.

कंदिलाच्या उजेडात वहीवर सतरा लिहिलं जातं. पुढचं नाव.

झोप उघड्यावर, चांदण्यांखाली, डासांसकट. डोळा लागतो न लागतो तोच घंटा. तुम्ही चरफडत उठून बघता. घंटेची दोरी धरून एक पोरगा उभा आहे, केस विस्कटलेले. तो तुमच्याकडे बघतो आणि भलीमोठी जांभई देतो.