जपानी नक्षीपेला आणि तळेगावची काच

मराठी गृहिणीच्या हातात काचेची बांगडी सौभाग्याचे लेणे म्हणून मिरवत असता, तीच काच पेल्याच्या रूपाने पानाशेजारी आली की जुन्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडत. पंक्तीत तांब्याभांडेच हवे. काचेचा पेला हा चहाबरोबर आलेला साहेबी पाहुणा, अशी त्यांची समजूत. जपानासही काचेचे पेले युरोपीय व्यापाऱ्यांनीच दाखविले. परंतु तेथे या पाहुण्यास घरचे करून घेण्यात आले.

१८३४ च्या सुमारास एदो, म्हणजे आजचे टोकिओ, येथील कागाया क्यूबेई नावाच्या काचव्यापाऱ्याने कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कोरली, असे सांगतात. दक्षिणेकडील सात्सुमा संस्थानात १८४६ साली काच घडू लागली ती औषधांच्या बाटल्यांसाठी. पुढे शिमाझु नारिआकिरा गादीवर आला आणि त्या रोकड्या गरजेतून लाल-निळ्या काचेचे अपूर्व कोरीव पात्र जन्मास आले. १८५८ साली तो वारला. १८६३ साली इंग्रजी आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या, त्यात कारखाने जळाले आणि ही कला काही वर्षांतच लोपली. राजाश्रयाची कला राजाबरोबर जाते, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

एदोची कला मात्र टिकली. १८८१ साली शिनागावा येथील सरकारी कारखान्यात एमॅन्युएल हाउप्टमन या इंग्रज कारागिरास शिक्षक नेमून दहाबारा जपानी माणसे तयार करण्यात आली. हे काम डोळ्यांचे आणि मनगटाचे. पारदर्शक काचेवर रंगीत काचेचा पातळ थर चढवितात. मग फिरत्या चाकावर पेला टेकवून, आतून आरपार पाहत, रंग कापीत जावयाचे. खरबरीत चाकानंतर दगडाचे चाक, त्यानंतर झिलईचे. कोठे शेवंती, कोठे तागाचे पान, कोठे टोपलीची वीण. हात किंचित जड पडला की सारा पेला फुकट!

आपल्याकडेही काचविद्या काही अंशी जपानहूनच आली. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी एक पैसा मागून उद्योगधंद्यांसाठी पैसाफंड उभारला. टिळकांनी त्यास पाठबळ दिले. त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला आणि जपानात काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे आले. कारखाना तोच शाळाही होता. १९१६ साली औंध संस्थानात ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला व पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला.

तेव्हा सात्सुमाप्रमाणे आपणही गरजेच्या वस्तूपासूनच आरंभ केला. पण कंदिलाच्या काचेपुढे जाऊन नक्षीपेल्याची परंपरा काही आपल्याकडे रुजली नाही. याचा दोष कारागिरांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. पैशापैशाने जमलेल्या निधीतून चैनीची वस्तू कोण करणार? कंदील गरिबाच्या झोपडीत हवा होता. मात्र नंतर ज्यांच्या घरी पैसा आला, त्यांनीही नक्षीच्या पेल्यासाठी परदेशाकडेच पाहिले, आणि ही गोष्ट मला खुपते. सात्सुमाची बुडालेली कला १९८५ साली कागोशिमात पुन्हा उभी राहिली. एदोच्या पेल्यास २००२ साली जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा मान दिला. ओगल्यांची भट्टी मात्र विझली असून, कऱ्हाडाजवळ ओगलेवाडी हे गावाचे नाव तेवढे उरले आहे.