रजिस्टर्सची यादी कुणाच्या हाती?

प्रोग्रॅम मध्येच अडकला, की प्रोसेसरच्या रजिस्टर्समध्ये त्या क्षणी काय आहे हे वाचावं लागतं. त्यांतली कुठली दिसावीत, हे मात्र कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हार्डवेअर डीबगरच्या सेटिंगमध्ये ही एका ओळीची बाब वाटते. पण ती ओळ लिहिण्याचा अधिकार यंत्र बांधणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे यायला चार दशकं लागली, आणि तो आला हे फार चांगलं झालं, असं माझं ठाम मत आहे.

१९७० सालच्या पीडीपी-८/ई या संगणकाच्या दर्शनी पॅनेलवर दिव्यांची एक रांग होती आणि सहा खुणांचं एक फिरतं बटण. बटण ‘एसी’वर आणलं की अ‍ॅक्युम्युलेटरचे बारा बिट दिव्यांवर उमटत, ‘एमक्यू’वर आणलं की गुणाकार-भागाकाराचं रजिस्टर. सातवं काही त्या बटणाने बघता येत नसे, कारण यादी पॅनेलवरच छापलेली होती. पुढच्याच वर्षी इंटेलचा ४००४ आला. अख्खा प्रोसेसर सोळा पिनांच्या चिपमध्ये गेला आणि रजिस्टर्सना दिवे जोडायला जागाच उरली नाही. मग सॉकेटमधला प्रोसेसर काढून तिथे इन-सर्किट एम्युलेटरची केबल खोचायची, हा उपाय निघाला.

वाट खुली झाली ती भलत्याच कामातून. सर्किट बोर्डावरचे सोल्डरचे जोड तपासण्यासाठी १९८५ मध्ये जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप स्थापन झाला. १९९० मध्ये त्याच्या कामाला आयईईई ११४९.१ या मानकाचं रूप आलं. एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरने त्या मानकातल्या मोजक्या तारा डीबगिंगला लावल्या. प्रोसेसर थांबवायचा, ‘रजिस्टर्स मेमरीत लिही’ ही सूचना स्कॅन चेनमधून आत सरकवायची आणि डेटा बसवर आलेलं मूल्य बिटामागून बिट बाहेर ओढायचं. तरी जीडीबीसारखा डीबगर प्रत्येक आर्किटेक्चरसाठी रजिस्टर्सचा क्रम ठरलेलाच धरून चाले. २००७ मध्ये जीडीबी समोरच्या चिपचं वर्णन एक्सएमएलमधून वाचायला लागला, तेव्हा यादी पहिल्यांदा डीबगरच्या बाहेर आली.

मग सगळीच रजिस्टर्स का दाखवू नयेत? रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर आर्किटेक्चरमध्ये कंट्रोल आणि स्टेटस रजिस्टर्सना बारा बिटांचे पत्ते आहेत, म्हणजे ४,०९६ जागा. बहुतेक चिपमध्ये त्यांतल्या फारच थोड्या भरलेल्या असतात. रिकाम्या पत्त्यावर वाचायला गेलं तर हाती चूकच येते, आणि प्रत्येक थांब्यावर एवढं चाचपत बसणं परवडत नाही. शिवाय वाचणं नेहमी निरुपद्रवी नसतं. पेरिफेरलची काही स्टेटस रजिस्टर्स वाचताक्षणी कोरी होतात. म्हणूनच चिपच्या रजिस्टर्सचं वर्णन करणाऱ्या एआरएमच्या एसव्हीडी फायलींत ‘वाचल्यावर काय घडतं’ याची वेगळी नोंद करता येते. लपवणं कधी कधी शहाणपणाचंच असतं.

पण त्यावरून ‘चिप बनवणाऱ्यालाच कळतं, निवड त्यालाच करू द्या’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. रिस्क-फाइव्हने स्वतःची रजिस्टर्स जोडण्यासाठी पत्ते राखून ठेवले आहेत. १९८४ हा पत्ता त्यांतलाच एक. तिथे कुणी काय ठेवलं, हे ओपनओसीडी हा डीबगर लिहिणाऱ्याला कळणार कसं? म्हणून त्यात असं रजिस्टर आकड्याने आणि हव्या त्या नावाने उघड करण्याची आज्ञा दिलेली आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर याच कुळातले आहेत. आपल्याकडे चिप घडवणाऱ्यांनी जोडलेल्या प्रत्येक रजिस्टरचा पत्ता, अर्थ आणि वाचल्याचा परिणाम चिपबरोबरच प्रसिद्ध करावा.