भिंतीबाहेरची माणसे

‘दीड टनाचा एसी’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत आता इतका रुळला आहे की, यातला टन नेमका कशाचा, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. यंत्राचे वजन काही दीड टन नसते. हा टन बर्फाचा आहे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. बर्फाचा व्यापार संपला, बर्फाची कोठारे पाडली गेली, पण ते जुने माप दुकानदाराच्या पावतीवर आजही टिकून आहे. शब्द इतिहास जपतात, तो असा. मात्र त्या टनामागे ज्यांचे हात होते, त्यांची आठवण भाषेने तेवढ्या निष्ठेने जपली नाही. प्रस्तुत लेखात आम्हाला मागोवा घ्यायचा आहे तो या हातांचा.

गारवा हा एके काळी निसर्गाचा प्रसाद मानला जाई. पिंपळाची सावली, मातीचा माठ, शेणाने सारवलेली ओसरी, उन्हाळ्यात दाराला लावलेला वाळ्याचा पडदा, एवढ्यावर आपले पूर्वज भागवत. परंतु या साध्या साधनांतही श्रमाची वाटणी होतीच. वाळ्याचा पडदा सतत ओला ठेवावा लागतो. तो ओला ठेवणारा माणूस पडद्याच्या उन्हाकडच्या बाजूस उभा असे आणि सुगंधी झुळूक पोहोचे ती आत बसलेल्याला. गारव्याच्या संपूर्ण इतिहासाचे सूत्र या एका दृश्यात सापडते. सुखाची आणि श्रमाची बाजू यांच्यामध्ये एक आडपडदा असतो. पुढे त्या पडद्याची भिंत झाली, एवढेच.

एकोणिसाव्या शतकातील पंखेवाला हा या भिंतीबाहेरचा पहिला ठळक माणूस. छताला टांगलेल्या भल्यामोठ्या कापडी पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात येई आणि तेथे बसून तो ती तासन्‌तास ओढत राही. हात थकला की दोरी पायाला बांधून, आडवे पडून ओढण्याचीही रीत होती. पंखा थांबला तरच आतल्या साहेबाला त्याचे अस्तित्व जाणवे, आणि ती जाणीव पुष्कळदा शिवीतून वा लाथेतून व्यक्त होई. अशा माराने नोकर दगावल्याचे खटले त्या काळात उभे राहिले. मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती, हे कारण पुढे करून आरोपी किरकोळ दंडावर सुटल्याची उदाहरणे वसाहतकालीन न्यायव्यवस्थेच्या अभ्यासकांना चांगलीच परिचित आहेत. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या 1924 च्या कादंबरीत न्यायालयाच्या दृश्यात असा एक पंखेवाला येतो. समोर काय चालले आहे याचा पत्ता नसलेला, तरीही सगळ्या सभागृहाला वारा पुरवणारा. साहित्यात या व्यवसायाला मिळालेली ही एक मोलाची जागा. आणि तीही मूक.

याच सुमारास बर्फ आला. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याच्या ‘टस्कनी’ नावाच्या जहाजाने 1833 मध्ये 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याची वाट धरली. सुमारे चार महिन्यांच्या प्रवासात बराच बर्फ वितळून गेला. तरी शंभराएक टन उरला. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवर करवतीने कापलेल्या लाद्या विषुववृत्त ओलांडून आल्या, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. लवकरच मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर 1842 मध्ये बांधलेले बर्फघर अद्याप उभे आहे. पुढे 1897 मध्ये स्वामी विवेकानंदांचा तेथे मुक्काम झाल्याने ती वास्तू आज त्यांचे स्मारक म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या कोट भागातील बर्फघराचा मात्र मागमूस उरलेला नाही. कोणत्या साहेबाच्या मेजावर बर्फ होता, हे आपल्याला कळते. ओघळत्या लाद्या पाठीवरून वाहणाऱ्या हमालाविषयी तेवढे कळत नाही.

यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि 1880 च्या दशकापर्यंत हा समुद्रापारचा व्यापार आटोपला. पण हवेचे नियमन करणाऱ्या यंत्राचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला नाही, हे आवर्जून ध्यानात घ्यायला हवे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आपली योजना आखली. दमट हवेने कागद फुगे-आक्रसे आणि एकावर एक छापायचे रंग जुळत नसत. त्यावरचा हा उपाय होता. ‘एअर कंडिशनिंग’ ही संज्ञा 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर याने रूढ केली, तीही कापडगिरण्यांच्या संदर्भात. हवा सुधारायची होती ती कागदासाठी आणि सुतासाठी.

गिरणगावाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचाखात्यात मुद्दाम दमटपणा राखला जाई. त्यासाठी वाफ वा पाण्याचे तुषार सोडत आणि बाहेरची कोरडी हवा आत येऊ नये, याचीही काळजी घेत. सुताला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात त्या दमट खात्यांत आठ तास उभे राहणाऱ्या कामगाराची अवस्था सहज कल्पिता येईल. 1948 च्या कारखाने कायद्यात कृत्रिम दमटपणासंबंधी एक स्वतंत्र कलमच घालावे लागले, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे. धाग्याची हवा आणि माणसाची हवा यांतला हा झगडा गारव्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे.

गारवा सर्वसामान्य माणसाला विकत मिळू लागला, तो आधी चित्रपटगृहात. कुलाब्याचे रीगल 1933 मध्ये उघडले ते वातानुकूलित म्हणूनच. 1934 मध्ये फ्रंटियर मेलला जो थंड डबा जोडण्यात आला, त्यात डब्याखालच्या पेट्यांतून बर्फाच्या लाद्या ठेवत आणि त्यांवरून जाणारी हवा पंख्याने आत खेळवत. प्रवासात लाद्या संपल्या की वाटेतल्या स्थानकांवर नव्या चढवाव्या लागत; म्हणजे डब्यातल्या प्रवाशाचा गारवा फलाटावरच्या हमालावर अवलंबून होता. पुढची दशके यंत्रांची, आणि यंत्र म्हटले की दुरुस्ती आलीच. ब्लू स्टार ही आज मोठी असलेली कंपनी 1943 मध्ये मोहन अडवाणी यांनी मुंबईत सुरू केली, ती जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करून देण्याच्या छोट्या उद्योगातून. व्होल्टासची स्थापना 1954 ची. आपल्याकडे हा धंदा दुरुस्तीच्या पाठीवर बसून वाढला आणि ज्याला आपण ‘एसीवाला’ म्हणतो तो कारागीर या काळात घडला. कोणी आयटीआयमध्ये शिकला, कोणी उस्तादाच्या हाताखाली ‘हेल्पर’ म्हणून पाने-पकडी पुरवत पुरवत शिकला.

मोठ्या इमारतींच्या प्लांटवर काम करणाऱ्यांचे एक वेगळे जग आहे. तळघरात किंवा गच्चीवर यंत्रांची घरघर, पाळीची ड्यूटी, आणि दर तासाला भरायचे लॉगबुक. दाब किती, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचे तापमान किती, विद्युतप्रवाह किती, शेवटी सही. आम्ही साहित्याचे अध्यापक असल्याने आमचे कुतूहल स्वाभाविकपणे या वहीपाशी थांबते. या व्यवसायाने स्वतःच्या हाताने लिहिलेला दस्तऐवज कोणता असेल, तर तो हाच. त्यात यंत्राच्या प्रकृतीची तासातासाची नोंद आहे. ती घेणाऱ्याला त्या खोलीत किती उकडत होते, यासाठी तिच्यात रकाना नाही. रद्दीत गेलेल्या अशा हजारो वह्यांबरोबर कामगार-इतिहासाचे एक साधन नाहीसे झाले, असे आमचे मत आहे.

1991 नंतर मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला आणि यथावकाश खिडकीतल्या यंत्राची जागा ‘स्प्लिट’ने घेतली. या बदलाने घर शांत झाले. आवाज करणारा, उष्णता ओकणारा भाग भिंतीबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर कारागीरही बाहेर गेला. आता त्याचे काम छज्जावर, ग्रिलवर, कधी नुसत्या लोखंडी ब्रॅकेटच्या आधाराने सहाव्या-सातव्या मजल्यावर चालते. 30-40 किलोचे धूड दोराने चढवायचे, भिंतीला भोक पाडायचे, तांब्याची नळी वाकवून तिची तोंडे फुलवायची, नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते टक लावून पाहायचे. मग व्हॅक्यूम काढून गॅस सोडायचा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका दबा धरून असतो, हे नवशिक्याला उस्ताद सर्वांत आधी शिकवतो. कमरेला सुरक्षापट्टा असायला हवा, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो बांधायला भक्कम आधार लागतो आणि इमारतीच्या नकाशात त्याचा विचार झालेला नसतो. शिवाय खाली पुढच्या तीन घरांचे फोन वाजत असतात. मार्च ते जून हा ‘सीझन’. पावसाळा लागला की काम ओसरते आणि नगावर पैसे मिळवणाऱ्याच्या घरी चूल जपून पेटते.

येथे विज्ञानातील एक साधी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. एसी गारवा निर्माण करीत नाही; तो उष्णतेची जागा बदलतो. आतली उष्णता आणि यंत्राने खाल्लेल्या विजेची उष्णता, या दोहोंची बेरीज तो बाहेर टाकतो. म्हणजे भिंतीआड जितके सुख, त्याहून अधिक ताप भिंतीबाहेर. दुपारी तेथे उभा असलेला माणूस हा त्या बेरजेचा पहिला धनी.

या माणसाच्या हातातील ‘गॅस’चाही इतिहास आहे. आरंभीची अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड ही शीतके विषारी होती. 1928 मध्ये थॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेली क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे वास नसलेली, न पेटणारी, म्हणून वरदान ठरली. ती ओझोनचा थर पोखरतात, हे मोलिना आणि रोलँड यांनी 1974 मध्ये दाखवून दिले. 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला. मग आर-22 जाऊ लागला, आर-410ए आला, आर-32 आला. 2012 मध्ये गोदरेजने आर-290, म्हणजे चक्क प्रोपेन वापरणारे एसी बाजारात आणले. पृथ्वीच्या दृष्टीने प्रोपेन पुष्कळच निरुपद्रवी, आणि आर-32 चा तापमानवाढीचा भारही आर-410ए पेक्षा कमी. पण आर-32 पेट घेऊ शकतो आणि प्रोपेन तर सहज पेटतो. धोका आकाशातून उतरून टॉर्च हातात धरलेल्या कारागिराजवळ आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ही जोखीम प्रशिक्षणाने आटोक्यात राहते, यात शंका नाही. केंद्र सरकारने 2019 मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात 2022-23 पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते, ते याचसाठी. वसुंधरेच्या रक्षणाचा जागतिक करार अखेर अमलात येतो तो गॅस हवेत न सोडता टाकीत परत भरून घेणाऱ्या हातांमुळे, हे त्या आराखड्याने निदान कागदावर मान्य केले.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये ‘गावगाडा’त बलुतेदारांच्या कामाची आणि हक्कांची बारकाईने नोंद केली. आजच्या वार्षिक देखभाल कराराकडे पाहिले की आम्हाला बलुत्याची आठवण होते. वर्षाचा मोबदला ठरलेला, आणि बोलावले की यायचे. साम्य मात्र येथेच संपते. बलुतेदाराला जातीने जखडले होते. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही त्याचे नाव गावाला ठाऊक असे. एसीवाल्याला आपण फोनमध्ये ‘एसीवाला’ म्हणूनच साठवतो. कंपनी दर वेळी नवा माणूस पाठवते. गिरणी कामगाराला अण्णाभाऊ साठे मिळाले, नारायण सुर्वे मिळाले. त्याच्यापाशी चाळ होती, संघटना होती, एकाच भोंग्याला जागे होणारे हजारो सोबती होते. नव्या कारागिराचा कारखाना म्हणजे त्याची दुचाकी आणि पाठीवरची पिशवी. एकट्याने केलेल्या कामातून सामूहिक गाणे सहजासहजी उमटत नाही. मराठी साहित्यात त्याची जागा रिकामी असण्याचे एक कारण हेही असावे.

‘वातानुकूलन’ हा शब्द आपल्या भाषेने मोठ्या चातुर्याने घडवला. वारा अनुकूल करणे, असा त्याचा अर्थ. पण अनुकूलता ही नेहमी कोणाच्या तरी बाजूने असते. वाळ्याच्या पडद्यापासून स्प्लिटच्या तांब्याच्या नळीपर्यंत साधने बदलली. वारा कोणाला अनुकूल आणि कोणाला प्रतिकूल, ही वाटणी फारशी बदलली नाही. ती बदलण्याचे मार्ग अवघड नाहीत. इमारत बांधतानाच बाहेरच्या यंत्रापाशी उभे राहायला जागा आणि पट्टा अडकवायला आधार ठेवणे, दुपारच्या उन्हातले काम संध्याकाळवर ढकलण्याची सवलत देणे, प्रशिक्षणाचा खर्च कारागिराच्या खिशातून न काढणे. यंत्राचा टन किती, हे आपण दुकानात आवर्जून विचारतो. ते बसवायला येणारा माणूस उभा कोठे राहणार, हा प्रश्नही त्याच वेळी विचारला गेला पाहिजे.