ताडपत्रापासून युनिकोडपर्यंत : अक्षररक्षणाचा वारसा

जैन परंपरेत श्रुताचे स्थान असाधारण आहे. दिगंबर संप्रदायात ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी आणि श्वेतांबर संप्रदायात कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी श्रद्धेने साजरी होते. या दिवशी भांडारातील पोथ्या बाहेर काढाव्यात, धूळ झटकावी, जीर्ण वेष्टने बदलावीत, हाही त्या पूजेचाच भाग मानला गेला. ग्रंथ टिकवायचा तर तो वेळोवेळी नव्या साधनावर उतरवावा लागतो, हे पूर्वजांनी पुरते ओळखले होते.

या इतिहासाशी मराठवाड्याचे जुने नाते आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अनेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्या काळातील वैभवशाली नगर होते. याच राजवटीत वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावरील ‘धवला’ टीका रचली आणि त्यांचे शिष्य जिनसेनाचार्य यांनी शके ७५९ मध्ये, म्हणजे इ. स. ८३७ मध्ये, ‘जयधवला’ पूर्णत्वास नेली. पुढे कित्येक शतके या ग्रंथांच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जतन झाल्या. परंतु त्यांची लिपी जुनी कन्नड होती. एकोणिसाव्या शतकापर्यंत ती वाचणारे विरळा उरले आणि ग्रंथ केवळ दर्शनाचा विषय झाला. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आदी धर्मप्रेमी श्रावकांनी पुढाकार घेतल्यावर १८९६ च्या सुमारास प्रतिलिपीचे काम सुरू झाले. ते १९२२ पर्यंत चालले. १९३९ साली अमरावती येथून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला मुद्रित खंड प्रसिद्ध झाला आणि शतकानुशतके बंदिस्त असलेले ज्ञान देवनागरीत सर्वांस उपलब्ध झाले.

या घटनेतील बोध लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रंथ नष्ट झालेला नव्हता. तो वाचता येत नव्हता, इतकेच. मराठवाड्याने असा अनुभव अलीकडेही घेतला. निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा दप्तरे कपाटात सुरक्षित असूनही मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला.

आज तसाच प्रसंग एका अगदी अलीकडच्या दप्तरावर ओढवला आहे. १९९० नंतर छापखान्यांतील शिशाचे खिळे मागे पडले आणि संगणकावरील अक्षरजुळणी आली. स्मरणिका, चातुर्मास पत्रिका, अहवाल, देणगीदारांच्या याद्या आणि परिवार परिचय पुस्तिका ‘पेजमेकर’ या प्रणालीत, ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘आयएसएम’सारख्या संचांतील अक्षरे वापरून तयार होऊ लागल्या. त्या काळी हे साधन वरदानच ठरले. मात्र त्या फायली आज नव्या संगणकावर उघडल्या, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो.

याचे कारण त्या अक्षरांच्या रचनेत आहे. जुन्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असत. त्यांत काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे असे तुकडे बसविलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. इंग्रजी चिन्हांवर मराठी आकृतीचा मुखवटा चढवलेला होता. शिवाय कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरविले. त्यामुळे एका संचातील मजकूर दुसऱ्या संचात वाचता येत नसे. अनेक संच तर संगणकास ‘डोंगल’ नावाची किल्ली जोडल्याखेरीज चालत नसत.

१९९१ साली युनिकोड हे जागतिक प्रमाण प्रसिद्ध झाले आणि त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. ‘क’ हा जगातील प्रत्येक संगणकावर ‘क’च राहील, याची हमी त्यामुळे मिळाली. पेजमेकरला मात्र युनिकोड कधीच उमगले नाही; २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची ठरली. ‘इनडिझाइन’च्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्यांत त्या फायली उघडता येत, पुढे ती सोयही राहिली नाही.

रूपांतर अशक्य नाही, परंतु ते लहियाच्या कामासारखेच सावधपणाचे आहे. प्रथम मूळ फाँट कोणता, हे निश्चित करावे लागते. त्यानुसारच परिवर्तक प्रणाली निवडावी लागते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे याच्या उलट. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र आणि जोडाक्षरे येथे हमखास चुका होतात. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. मजकुरातील इंग्रजी शब्द आधी वेगळे न काढल्यास त्यांचेही निरर्थक मराठी होते. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून नावे, तिथी आणि देणगीच्या रकमा एकेक करून ताडून पाहणे अनिवार्य ठरते. मूळ फाइल हाती नसेल, तर छापील पानांची प्रतिमा घेऊन संगणकाकडून अक्षरे ओळखवून घेता येतात. मुद्रितशोधन तेथेही टळत नाही.

केवळ पीडीएफ करून ठेवणे पुरेसे आहे, असा एक समज आहे. पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे दिसते हे खरे. पण आत जुनीच अक्षरे असल्यास आजोबांचे नाव शोधू जाता ते सापडत नाही. यास्तव पानाचे रूप पीडीएफमध्ये आणि मजकूर युनिकोडमध्ये, अशी दुहेरी जपणूक हवी. दोन्हींच्या प्रती एकाच गावी ठेवू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने घरांबरोबर घराघरांतील कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली, हे लातूर विसरलेले नाही. नांदेडची प्रत लातुरात आणि लातूरची नांदेडात राहिली, तर दोहोंचे रक्षण होईल. अर्थात, परिवारांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक असलेल्या याद्या जपाव्यात, परंतु सर्वांसाठी खुल्या करू नयेत, हा विवेकही पाळला पाहिजे.

शास्त्रदानास परंपरेने चार दानांत मानाचे स्थान दिले. पूर्वी श्रावक एखादी पोथी लिहवून घेऊन भांडारास अर्पण करीत. जुन्या अक्षरजुळणी केंद्राच्या कपाटातील एखादी फ्लॉपी किंवा सीडी शोधून तिच्यातील मजकूर शुद्ध स्वरूपात समाजाच्या हाती देणे, हे त्याच दानाचे आजचे रूप होय. जुळणी करणारी ती पिढी आणि ते जुने संगणक अद्याप काही ठिकाणी आहेत. मूडबिद्रीच्या ताडपत्रांना वाचक मिळण्यास शतके लागली. चुंबकीय तबकडी मात्र तितकी वाट पाहणार नाही.